गुडघ्याची वाटी आणि लॅटिनची पोथी
(जाहीर सभेतील भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे सरहद्दीचा नकाशा घेऊन उभे नाही. आजचा नकाशा तुमच्याच देहाचा आहे. डोक्याच्या कवटीपासून पायाच्या टाचेपर्यंत पसरलेला हा मुलूख तुमचा, त्याचा सातबारा तुमच्या नावावर. आणि त्यातल्या गावांची नावे मात्र अशा भाषेत लिहिलेली, की खुद्द मालकाला वाचता येऊ नयेत! आपल्याच देहात आपण परदेशी! भाषेचे राज्य मागणाऱ्यांनी हा मुलूख कसा विसरावा?

आता बघा. एखादा गडी बैलगाडीवरून पडतो, गुडघा सुजून भोपळा होतो. दवाखान्यात नेतात, फोटो काढतात, कागदावर लिहून येते : 'पॅटेला फ्रॅक्चर'. झाले! घरात रडारड. पॅटेला म्हणजे काय असेल हो? कोणी म्हणते, पोटातलं काहीतरी फुटलं. कोणी म्हणते, नवा रोग दिसतोय. आजी देवाला नारळ बोलून मोकळी होते. शेवटी गावचा हाडवैद्य येतो, गुडघ्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "अरे, वाटी फुटलीय!" मग घरातल्या सगळ्यांना कळते. गड्याला गडबडीने उठवायचे नाही, पाय ताठ ठेवायचा, पेरणीला दुसरा माणूस बघायचा, हेही कळते.

आणि लोकहो, हा 'पॅटेला' आहे तरी कोण? लॅटिन भाषेत पॅटेला म्हणजे लहानशी ताटली. रोमन माणसाच्या स्वयंपाकघरातली! त्याने गुडघ्याकडे पाहिले आणि त्याला घरातली ताटली आठवली. आमच्या माणसाने गुडघ्याकडे पाहिले आणि त्याला घरातली वाटी आठवली. दोघांची नजर एक, दोघांची अक्कल एक. पण मराठीत वाटी म्हणाल तर तुम्ही अडाणी, आणि लॅटिनमध्ये ताटली म्हणाल तर तुम्ही डॉक्टर! हा कुठला न्याय?

ही लॅटिनची पोथी एकदा सोडून बघितली की तिच्यातून मंत्र निघत नाहीत, भांडीकुंडी निघतात. नडगीच्या हाडाला म्हणतात टिबिया. लॅटिनमध्ये टिबिया म्हणजे बासरीसारखा पावा. तिच्या शेजारचे बारीक हाड फिब्युला. म्हणजे वस्त्र अडकवायची टाचणी. गळ्याखालचे हाड क्लॅव्हिकल. म्हणजे छोटी किल्ली. मांडीचे हाड खुब्यात ज्या खळग्यात बसते त्याचे नाव ॲसिटॅब्युलम; म्हणजे व्हिनेगरची वाटी, आंबट रस ठेवायचे भांडे! आमच्या शाळेच्या पुस्तकात त्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. रोमनाने आंबटाचे भांडे आणले, आम्ही उखळ आणले. स्वयंपाकघर सोडून दोघेही बाहेर गेले नाहीत. पेल्व्हिस म्हणजे परात, धुण्याचे पसरट भांडे. पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कॉक्सिक्स म्हणतात. ग्रीकांना तिथे कोकिळेच्या जातीच्या एका पाखराची चोच दिसली. आमच्या लोकांनी त्याला माकडहाड म्हटले. खरे सांगायचे तर आमचेच नाव शहाणपणाचे, कारण शेपटी असायची ती तिथेच.

मसल हा शब्द तर तुम्ही तालमीत ऐकताच. त्याचा अर्थ छोटा उंदीर! दंड वळवला की कातडीखाली काहीतरी सरकते, रोमनाला तो उंदीर वाटला. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीतला पोरगा दंड वळवून काय म्हणतो? "बघ माझी बेडकुळी!" त्याचा उंदीर, आमचा बेडूक. पोटरीच्या स्नायूचे मोठे थोरले ग्रीक नाव गॅस्ट्रोक्नेमियस. फोड केली तर नडगीचे पोट. आमच्या पोटरी या शब्दात पोट ऐकू येतेच. आणि सगळ्यांत गोड गोष्ट डोळ्याची. समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहिले तर आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते. रोमनांनी त्या काळ्या ठिपक्याला प्युपिला म्हटले, म्हणजे लहानगी बाहुली. आम्ही काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! एकमेकांची भाषा न शिकता दोन देशांच्या माणसांनी एकच बाहुली पाहिली. तरी आम्हाला ऐकवतात, मराठीला शास्त्र झेपत नाही.

"मराठीत शब्दच नाहीत हो!" असे म्हणणाऱ्या विद्वानांना आमची विनंती आहे, की एकदा मटणाच्या दुकानात पिशवी घेऊन उभे राहा. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी, फरा. देहाच्या आतले अर्धे शास्त्र तिथे फळीवर मांडलेले असते, आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागते. तालमीच्या वस्तादाला विचारा, सुईणीला विचारा. नडगी, पोटरी, घोटा, मनगट, खुबा, बरगडी, पाणथरी; हे शब्द कुणाच्या समितीने पाडलेले नाहीत. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजाने १८३१ साली मराठीचा कोश छापला तो लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून. परक्याला ते सापडले. आमच्या शिकलेल्यांच्या कानांना मात्र ऐकू येत नाहीत.

आणखी ऐका. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. त्याच कॉलेजात एकोणिसाव्या शतकात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग चालत. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या माणसाने वैद्यकावर मराठीत पुस्तके लिहिली. म्हणजे इंग्रजाच्या अमलात जे होत होते ते आज 'अशक्य' म्हणून सांगितले जाते!

हा रोग केवळ आमचा नाही. युरोपातही लॅटिन हे कुंपण होते, आणि ते तिथल्या लोकांनी मोडले. फ्रान्सात ॲम्ब्रोज पारे नावाचा शस्त्रवैद्य होऊन गेला. न्हाव्याच्या हाताखाली शिकलेला, लॅटिन न येणारा. १५४५ साली त्याने बंदुकीच्या जखमांवर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिले. पुढे तो राजवैद्य झाला. तरी १५७५ साली त्याचे समग्र ग्रंथ निघू लागले तेव्हा पॅरिसच्या वैद्यकीय पंडितांनी त्यांना आडकाठी केली. इंग्लंडातही तेच. लंडनच्या वैद्यांच्या कॉलेजचा औषधांचा ग्रंथ लॅटिनमध्ये होता. निकोलस कल्पेपर याने १६४९ साली तो सरळ इंग्रजीत करून छापला. हा गरिबांच्या वस्तीत औषध देणारा माणूस. कॉलेजवाल्यांचे पित्त खवळले, त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. ज्या इंग्रजीच्या नावाने आज आम्हाला दटावतात, ती इंग्रजी त्या काळी अशीच 'गावंढळ' होती बरे! जर्मन माणसाला तर आजही आपल्या देहातले कळते. क्लॅव्हिकलला तो आपल्या भाषेत किल्लीचे हाड म्हणतो, न्यूमोनियाला फुप्फुसाचा दाह म्हणतो, आणि त्याचे डॉक्टर जगात कुणाच्या मागे नाहीत.

आमचे डॉक्टरांशी भांडण नाही, हे मात्र स्वच्छ सांगतो. डॉक्टराने डॉक्टराशी लॅटिनमध्ये खुशाल बोलावे. एकेका अवयवाला देशोदेशी दहा नावे झाली होती; १८९५ साली बाझेल शहरात तज्ज्ञ बसले आणि सुमारे ५० हजार नावांतून साडेपाच हजारांच्या आसपास नावे ठेवली. त्यामुळे मुंबईचा डॉक्टर आणि टोकियोचा डॉक्टर एकाच हाडाबद्दल बोलतात. हे चांगलेच झाले. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याचे हाड आहे त्यालाही बोलण्यात घ्या!

कारण लोकहो, हा शब्दांचा खेळ नाही. शस्त्रक्रियेआधी तुमच्यापुढे एक कागद येतो, संमतिपत्र त्याचे नाव. "मावशी, इथं अंगठा लावा." मावशी लावते. कशाला लावला, तिला ठाऊक नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याचा निकाल दिला. एका बाईंनी पोटात दुर्बीण घालून तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असतानाच बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन त्यांचे गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढून टाकले. न्यायालय म्हणाले, तपासणीची संमती ती कापण्याची संमती नव्हे. आणि रुग्णाला विचार करून ठरवता येईल इतकी माहिती दिली पाहिजे. तो खटला दिल्लीचा होता, भाषेचा नव्हताही. पण आम्ही विचारतो, जी माहिती समजतच नाही ती दिली काय आणि न दिली काय!

बीड जिल्ह्याकडे चला. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा बोभाटा २०१९ साली झाला. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यामागे गरिबी होती, उचलीचे कर्ज होते, एक दिवस खाडा केला तर बसणारा दंड होता. सगळा दोष भाषेच्या माथी मारण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण एक गोष्ट बघा. बाई म्हणते, "माझी पिशवी काढली." कागदावर असते 'हिस्टरेक्टमी', ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तोच, गर्भाशय कापून काढणे. इथपर्यंत तिचा शब्द कागदाच्या तोडीस तोड आहे. पण पिशवीबरोबर बीजांडकोशही गेले का, हे तिने विचारावे कसे? त्याला तिच्या तोंडात शब्दच नाही. आणि ते गेले असतील तर पाळी कायमची जाते एवढेच नव्हे. ऐन तिशीत अंगाची आग होते, पुढे हाडे ठिसूळ होतात. जे विचारता येत नाही ते रोखता येत नाही.

म्हणजे काही ठिकाणी आमची भाषाही उणी पडते, हे कबूल केले पाहिजे. सुईणीने, खाटकाने, पैलवानाने जे पाहिले त्याला नाव मिळाले. जे त्यांच्या हाताला लागले नाही ते बिननावाचे राहिले. काळीज म्हणावे तर कोणी छातीवर हात ठेवतो, कोणी यकृत समजतो. अशा ठिकाणी शब्द घडवावेच लागतात. आणि इथे आमचे पंडित घोटाळा करतात!

१ मे १९६० रोजी राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. परिभाषेचे कोशही झाले. मेहनत मोठी, तिला आमचा नमस्कार. पण टिबिया नको म्हणून नडगीला 'अंतर्जंघास्थि' म्हणायचे? थायरॉईड नको म्हणून 'अवटू'? अवटू म्हणजे काय ते अवटूलाच ठाऊक! लॅटिनचे कुंपण काढले आणि तिथे संस्कृतचे घातले. बाहेर उभा राहिला तो पुन्हा तोच गडी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, त्यात सुमारे १,४०० शब्द दिले. तरी दप्तर, हुकूम, जमीन हे फारसी शब्द तुमच्या जिभेवर आहेतच. छत्रपतींच्या शब्दालाही जिथे जिभेची परवानगी लागली, तिथे समितीची काय कथा?

जे चांगले जमले तेही सांगतो. कानातल्या तीन इवल्या हाडांना लॅटिनमध्ये हातोडा, ऐरण, रिकीब म्हणतात. मराठी पुस्तकांनी त्यांना हातोडा, ऐरण, रिकीब म्हटले. झाले काम! मूतखडा पहा, धनुर्वात पहा. माणूस धनुष्यासारखा वाकतो तो धनुर्वात. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. रोग डासाने होतो हे १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस याने दाखवले, म्हणजे त्यांचे नाव चुकीचे ठरले. आमचा हिवताप अजून खरा आहे. आणि बीपी, शुगर, थायरॉईड जिभेवर बसलेत ते बसू द्या. पाहुणा घरचा झाला तर त्याला हाकलू नये.

जपानची गोष्ट सांगून आटोपतो. १७७१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुगिता गेनपाकू आणि त्याचे वैद्य सोबती एका प्रेताची चिरफाड पाहायला गेले. बगलेत डच भाषेतले शरीरशास्त्राचे पुस्तक. चिरफाड करणारा होता नव्वद वर्षांचा म्हातारा, त्यांच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या जातीचा. त्याने एकेक अवयव दाखवला, नाव सांगितले. आणि काही भागांवर बोट ठेवून म्हणाला, याला नाव नाही, पण मी कापलेल्या प्रत्येक देहात हे असतेच. वैद्यांनी पुस्तकातली चित्रे ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. दुसऱ्या दिवसापासून ते भाषांतराला बसले. डच भाषा जवळजवळ येत नव्हती! १७७४ साली पुस्तक छापून निघाले. लिहिले पंडिती चिनी वळणात, हा दोष खराच; पण त्यात घडवलेले शब्द नेमके होते. कूर्चेला त्यांनी मऊ हाड म्हटले. आज जपानी माणूस खानावळीत कोंबडीची भाजलेली कुरकुरीत कूर्चा त्याच शब्दाने मागवतो.

तेव्हा आमची मागणी लिहून घ्या. या राज्यातल्या प्रत्येक दवाखान्यात संमतिपत्र मराठीत असावे. अवयवाचे लॅटिन नाव असू द्या, शेजारी लोकांच्या तोंडचे नाव हवे. शेजारी देहाचे चित्र हवे आणि कापायच्या जागेवर खूण हवी. सही करण्यापूर्वी रुग्णाने आपल्या शब्दांत सांगावे, माझे काय काढणार आणि काय ठेवणार. ते ऐकल्याशिवाय डॉक्टराने कागद पुढे करू नये. आणि तुम्ही, लोकहो, घरी गेल्यावर आपल्या आजीजवळ बसा. अंगाच्या एकेका भागावर बोट ठेवून तुमच्या गावचा शब्द विचारा, वहीत उतरा, खाली गावाचे नाव लिहा. सभा संपल्यावर इथे टेबलापाशी कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. ज्यांना आत्ताच आठवतंय त्यांनी आत्ताच लिहून द्या.