पैसे नकोत, डोंगर द्या : साउथ डकोटाची सफर

हेडफोन लावलेत ना? आज आपण अमेरिकेत जातोय, पण न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्निया तर नाहीच. आज साउथ डकोटा. महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश एवढं हे राज्य, आणि लोकसंख्या किती? जेमतेम नऊ लाख! आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी माणसं अख्ख्या राज्यात पसरलीत. बाकी सगळं गवत, शेतं, गुरं आणि आभाळ.

मी दोन मित्रांबरोबर सप्टेंबरात गेलो होतो, मिनिआपोलिसहून गाडीनं. रस्ता सरळ, म्हणजे इतका सरळ की डुलकी लागायची भीती. आणि मग एकदम जमीन फाटते. बॅडलँड्स! गुलाबी-पिवळ्या-राखाडी थरांचे सुळके, जणू कुणी खरवस सुरीनं उभा कापून ठेवलाय. माती इतकी ठिसूळ की इथले कडे वर्षाला साधारण एक इंच झिजतात. मला सगळ्यात काय आवडलं सांगू? इथे आखलेल्या पायवाटेवरूनच चाला अशी सक्ती नाहीये. वाटेल तिकडे चाला. फक्त पाणी भरपूर घ्या आणि नकाशा आधीच डाउनलोड करा, कारण रेंज मध्येच गायब होते.

सेज क्रीक नावाच्या जागी तंबू ठोकला. वेगळे पैसे नाहीत, पाण्याचा नळही नाही. पहाटे तंबूबाहेर फुरफुर ऐकू आली. बायसन! आपल्याकडे दाजीपूरच्या गव्यालाही इंग्रजीत बायसन म्हणतात, पण हा प्राणी वेगळा. नर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या वर पळतो. त्यामुळे सेल्फीचा विचार मनातून काढून टाका. तो जाईपर्यंत आम्ही तिघं तंबूत गप्प बसून होतो.

आता ब्लॅक हिल्स. लाकोटा लोक त्याला पाहा सापा म्हणतात, आणि त्यांच्यासाठी ही पवित्र भूमी आहे. इथला इतिहास जरा नीट ऐका हं, कारण माहितीपत्रकात तो दोन ओळींत गुंडाळलेला असतो.

१८६८ साली फोर्ट लॅरामीचा करार झाला. अमेरिकन सरकारनं लिहून दिलं, की हे डोंगर लाकोटांचे. १८७४ मध्ये कस्टरच्या तुकडीला तिथे सोनं सापडलं, आणि गोऱ्यांची झुंबड उडाली. करारात अट होती, की जमीन काढून घ्यायची तर तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात. मिळाल्या सुमारे दहा टक्के. तरी १८७७ मध्ये कायदा करून डोंगर घेतलेच!

खटला चालत चालत १९८० साल उजाडलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, जमीन घेतली पण भरपाई दिली नाही, तेव्हा व्याजासकट दहा कोटी डॉलरच्या वर द्या. लाकोटा म्हणाले, पैसे नकोत, डोंगर द्या. ती रक्कम आजही सरकारी खात्यात पडून आहे, वाढत वाढत शंभर कोटींच्या पुढे गेलीये. आणि हे नाकारणारे लोक श्रीमंत नाहीत बरं का! पाइन रिज ही त्यांची वस्ती अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक आहे.

याच डोंगरात माउंट रशमोर आहे. चार राष्ट्राध्यक्षांचे साठ-साठ फुटी चेहरे, १९२७ ते १९४१ मध्ये कोरलेले. त्या कड्याचं लाकोटा नाव 'सहा आजोबा'. काम अफाट आहे, नाही म्हणत नाही. पण हे सगळं माहीत असताना मला तिथे अर्ध्या तासावर थांबवेना.

त्यापेक्षा सिल्वन लेकपासून ब्लॅक एल्क शिखर चढा. जाऊन-येऊन साधारण अकरा किलोमीटर, उंची २,२०० मीटरच्या वर. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला अजिबात जड नाही. या शिखराला पूर्वी जनरल हार्नीचं नाव होतं. १८५५ मध्ये त्याच्या सैन्यानं लाकोटा बायका-मुलांनाही मारलं होतं. २०१६ मध्ये ते नाव पुसून लाकोटा साधुपुरुष ब्लॅक एल्क याचं नाव दिलं गेलं.

वूंडेड नीलाही गेलो. २९ डिसेंबर १८९० ला इथे सैन्यानं दीडशेहून जास्त लाकोटा मारले, काही अंदाज तीनशेपर्यंत जातात. बायका-पोरं कितीतरी. त्या दिवसासाठी वीसेक सैनिकांना सर्वोच्च शौर्यपदकं मिळाली! ती परत घ्या, ही मागणी अजून चालूच आहे. टेकडीवर सामुदायिक कबर आहे, कुंपणाला रंगीत कापडाच्या पुरचुंड्या बांधलेल्या. ते स्मशान आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, म्हणून आम्ही मोबाइल गाडीतच ठेवले होते.

जायचं असेल तर सप्टेंबर उत्तम. उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते, बर्फ पडायला अवकाश असतो. पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरून घ्या, पुढचा पंप कधी येईल सांगता येत नाही. चला, भेटू पुढच्या भागात!