विमानाचा गंज आणि विद्यार्थ्यांचें गणित

लोखंड गंजतें हें सर्वांस ठाऊक आहे. पण विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमलाही हा रोग जडतो. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांवर एका प्रवासी विमानाचें छप्पर २४,००० फूट उंचीवर उडून गेलें व एक सेविका प्राणांस मुकली. विमानाचीं ८९,६८० उड्डाणें झालीं होतीं. खाऱ्या हवेंत पत्र्यांच्या सांध्यांची चिकटण सुटून गंज चढला होता, आणि हवेच्या दाबाच्या चढउतारानें रिव्हेटांभोंवतीं चिरा पडल्या होत्या.

अशा पत्र्यांत बळकटीसाठीं सुमारें ४ टक्के तांबें मिसळतात. मिठाचें पाणी लागलें कीं तांबें असलेले कण व भोंवतालचा धातु मिळून सूक्ष्म विद्युत्‌घट बनतो आणि धातु झिजून खळगा पडतो.

प्रयोगशाळेंत ३५ अंश उष्णतेंत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा पत्र्यावर अखंड सोडतात; समुद्रकांठीं मात्र पत्रा भिजतो, सुकतो, पुन्हां भिजतो. हें चक्र समीकरणांत बसवून संगणकावर खळग्याची वाढ अजमावणें, आणि तो अंदाज खऱ्या पत्र्याशीं ताडून पाहणें, हें विद्यार्थ्यांचें संशोधन होय. पत्रा केव्हां तपासावा, हें अशा गणितानें आधीं कळलें तर माणसें वांचतात.