एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांचे संगोपन, पाककृती, आरोग्य यांवर येथे पुष्कळ बोलून झाले आहे. आज मी तुम्हांला एका आकड्याची ओळख करून देणार आहे. तो आकडा १,४२,८५७.

त्याला दोनाने गुणा, २,८५,७१४ येतात. तिनाने ४,२८,५७१. चाराने ५,७१,४२८, पाचाने ७,१४,२८५, सहाने ८,५७,१४२. अंक तेच आणि क्रमही तोच! भोंडल्याच्या फेरात कोणाच्या मागे कोण हे बदलत नाही, फक्त दारासमोर कधी ही येते, कधी ती, तसेच हे. सातांनी गुणले की मात्र सगळे नऊच नऊ, ९,९९,९९९.

यात जादू नाही. एकाला सातांनी भागा आणि शून्ये घेत चला. बाकी ३, २, ६, ४, ५ अशी उरत पुन्हा १ वर येते, आणि भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ हेच अंक फिरत राहतात. दोनाला भागले तर आपण त्याच फेरात मध्येच शिरतो, एवढेच.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ज्या संख्या ओळखल्या जातात, त्यांतही ही बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक वेगळे काढून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज करा, पुन्हा १,४२,८५७!

"याचा आम्हांला काय उपयोग?" असे कोणी विचारील. म्हणून आणखी एक गुण सांगते. तेच अंक कसेही उलटसुलट मांडा, दोन रकमांमधील फरकाला नऊने भाग जातोच. कारण दशकातला अंक एककात आला, की त्यातल्या प्रत्येक एकामागे दहाचा एक होतो, म्हणजे नऊ कमी. उलट गेला तर नऊ जास्त.

एका भिशीत २७० रुपये कमी भरले. कोणी उघड बोलले नाही, पण पेटी सांभाळणाऱ्या बाईंकडे चहासुद्धा कोणी घेईना. २७० ला नऊने भाग जातो, म्हणून मी वही मागितली. पावतीवर ५८०, वहीत ८५०! पेटीतली पै न् पै जागेवर होती.

नऊने भाग गेला म्हणजे अंकच उलटले, असे नेहमी होत नाही. पण आधी वही पाहावी, एवढी खूण त्यातून मिळते. हिशेब चुकला तर बेरीज पुन्हा करता येते. मैत्रिणीवर घेतलेला संशय मात्र सहजी पुसता येत नाही. म्हणून माणसाकडे बोट दाखवण्याआधी नऊने भागून पाहा, इतकेच माझे सांगणे.