यवतेश्वरचा घाट आणि आम्ही नऊजणी

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या नऊजणी. माईकसमोर एकच जण बसली असली तरी बोलणं नऊजणींचं आहे. काय सांगायचं आणि काय नाही, हे आम्ही गटाच्या बैठकीत ठरवूनच इथं आलोय. आमच्यातली सगळ्यात धाकटी २४ वर्षांची आहे आणि सगळ्यात मोठ्या काकू ५३ वर्षांच्या. सांगायचंय ते सातारच्या डोंगरातल्या मॅरेथॉनबद्दल.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन हे नाव तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलं असेल. २०१२ सालापासून ही शर्यत भरते. २०१५ साली एकाच डोंगरी शर्यतीत अडीच हजारांवर माणसं पळाली म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटरच्या थोडी वर असते, ही तिच्या निम्मी, म्हणजे २१ किलोमीटरची. पण हे २१ किलोमीटर सपाटीचे नाहीत. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराच्या अंगानं यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि वळून त्याच वाटेनं खाली यायचं. अर्धी वाट चढाची, अर्धी उताराची.

आम्ही हे घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न सगळीकडं एकच आला. "पळून काय मिळणार?" दुसरं एक बोलणं जरा दबक्या आवाजात आलं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीनं असं पळू नये गं, अंग बाहेर येतं." त्यांना आम्ही दोष देत नाही. काळजीपोटीच बोलल्या त्या. पण ही समजूत फक्त आपल्या गावाकडची नाही बरं का. अमेरिकेत बोस्टन नावाच्या शहरात मोठी मॅरेथॉन होते. तिथं १९६७ साली कॅथरिन स्विट्झर नावाची मुलगी पळत होती, तर एका अधिकाऱ्यानं भर रस्त्यात तिला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. बायकांना एवढं अंतर झेपत नाही, असंच तिथंही मानत होते. तिनं शर्यत पूर्ण केली. तरी ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं.

आपल्याकडचंच बघा. साठी ओलांडलेल्या लता करे बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि आपल्या गटात जिंकल्या. नवऱ्याच्या दवाखान्याच्या खर्चासाठी पळाल्या होत्या. आणि आपल्या माणच्या मातीतली, मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. तिच्या गावाकडचा वारा तोच आमच्या गावचा वारा. मग आम्हालाच का जमू नये?

सासूबाईंच्या बोलण्याचं मात्र आम्ही नीट विचारून घेतलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धडधाकट बाईचं पळण्यानं अंग बाहेर येत नाही. पण बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचललेली असतील, खाली जड वाटत असेल, शिंकताना-खोकताना लघवी सुटत असेल, तर आधी तपासून घ्या. त्यावर व्यायाम असतात, उपचार असतात. आमच्यातल्या तिघींना हा त्रास होता. तिघींपैकी कुणीही तो आजवर कुणाला सांगितला नव्हता. पळायचं ठरलं नसतं तर पुढंही सांगितला नसता.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासलं. मैत्रिणींनो, इथं जरा लक्ष द्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याच्या वर असायला पाहिजे. आम्हा नऊजणींत १२ च्या वर फक्त तिघी निघाल्या. पाचजणी १० ते १२ च्या मध्ये. आणि एकीचं निघालं ७.९. ही आमच्या गटाची सचिव. गटात सगळ्यात जास्त काम करणारी, चक्कर आली की "ऊन लागलं असेल" म्हणून पुन्हा कामाला लागणारी. ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, "तू यंदा पळायचं नाहीस. तुझी पुढची तपासणी आणि औषध आधी."

ती त्या दिवशी रडली. पण आम्ही सगळ्याच घाबरलो होतो. वर्षानुवर्षं ती तसंच रक्त घेऊन खुरपत होती, पाणी वाहत होती, आणि कुणाला, तिला स्वतःलासुद्धा, पत्ता नव्हता. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या गटात दहाजणी बसल्या असतील तर पाचजणींचा हिशेब तिथंच लावा. गोळ्या घेताना आम्हाला एक गोष्ट कळली. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहा ती अंगी लागू देत नाही. चहा तासभर पुढं-मागं ठेवायचा. लिंबू, आवळा, पेरू यानं लोह चांगलं अंगी लागतं.

आता वेळेचं बघा. तयारीला आम्हाला सहा महिने लागले. पाय आमचे तयारच होते. शेळ्यांमागं, शेतात, हंड्यासाठी आपण रोज किती चालतो ते आपल्याला माहीत आहे. नव्हता तो वेळ. पहाटे पाच वाजता बाई घराबाहेर पडली तर चूल कोण पेटवणार, पोरांचं कोण बघणार? मग आम्ही गटातच पाळ्या लावल्या. तिघी पळायला गेल्या की दोघी पाचही घरची लहान पोरं सांभाळणार. दुसऱ्या दिवशी उलट. दोन घरांत नवऱ्यांनी आपणहून चहा ठेवायला सुरुवात केली. एका घरात अजूनही कुरकुर चालूच आहे, तेही खरं सांगतो. अंधार असायचा, कुत्री असायची, पारावर बसलेल्यांची बोलणी असायची. एकटीनं जायचं नाही, बॅटरी आणि काठी घेऊनच निघायचं, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

सुरुवातीला दोन मिनिटं चालायचं, एक मिनिट पळायचं. आठवड्यातून तीनच दिवस. अंतर एकदम वाढवायचं नाही, थोडं थोडं वाढवायचं. बरोबरीनं पळणारीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला, असं समजायचं. रविवारी टेकडीवरच्या देवळापर्यंत चढ-उतार. बूट नेहमीच्या मापापेक्षा किंचित मोठे घ्यावेत, कारण उतारावर अंगठा पुढं आपटतो आणि नख काळं पडतं. आतले कपडे घट्ट बसणारे हवेत, नाहीतर छाती दुखते. शर्यतीच्या दिवशी अंगावर काहीही नवं नको. नोंदणी बरीच आधी होते आणि जागा भरून जातात. फीसाठी आम्ही दर आठवड्याला वीस रुपये बाजूला टाकत होतो. गटातून कर्ज घेतलं नाही.

शर्यतीच्या पहाटे साताऱ्यात बारीक पाऊस होता. आम्ही दुष्काळी भागातल्या. पावसात पळायची सवयच नाही. आठजणी पळायला उभ्या राहिलो आणि सचिवताई कोरडे कपडे, लाडू, मीठ-साखरेचं पाणी घेऊन कडेला. एकीची पाळी आली होती. रक्तस्राव फार नव्हता, पोटात दुखत नव्हतं, म्हणून तिनं पळायचं ठरवलं. जादाचे पॅड कमरेच्या पिशवीत घेतले. निघायच्या आधी शौचालयापुढं लांब रांग असते. तिथं तासभर आधी उभं राहायला हवं, हे लक्षात ठेवा.

शहरात दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. ढोल-ताशे वाजत होते, पोरं टाळ्यांसाठी हात पुढं करत होती. दारात उभ्या असलेल्या बायका ओरडत होत्या, "चला ताई, चला!" आपल्याला ओळखत नसलेल्या बायका आपल्यासाठी ओरडतायत, हे आमच्यापैकी कुणीच आधी अनुभवलं नव्हतं.

मग घाट लागला. शहरात आम्हाला मागं टाकून सुसाट गेलेली कितीतरी माणसं तिथं कमरेवर हात ठेवून उभी होती. आम्ही ठरवल्याप्रमाणं पावलं आखूड केली. डोक्यावर हंडा असताना चढावर आपण कशी पावलं टाकतो? घाई नाही, झोका नाही, नजर पुढच्या दहा पावलांवर. तसंच चढलो. दम लागला की चाललो. घाटात चालणं म्हणजे हरणं नव्हे, सवयीचे धावपटूसुद्धा तिथं चालतात. पुण्याहून आलेली एक बाई आमच्या काकूंबरोबर बराच वेळ होती. तिनं विचारलं, "तुमचा कोच कोण?" काकू म्हणाल्या, "आमची विहीर. दोन किलोमीटरवर आहे."

वर यवतेश्वरला पोचलो आणि धुकं जरा बाजूला झालं. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा. पुढं कासच्या रस्त्याला डोंगराच्या धारेवरून एका अंगाला कण्हेर धरणाचं पाणी दिसतं आणि दुसऱ्या अंगाला उरमोडीचं. कडेला पिवळी सोनकी फुललेली. आमच्यातली एक तिथं थांबली आणि नुसती पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं पाणी आणि आपण टँकरची वाट बघतो." त्यावर कुणी काही बोललं नाही. तशाच पुढं निघालो.

सगळ्यांना वाटतं चढ अवघड. आमचा अनुभव वेगळा आहे. उतारानं आमची खरी परीक्षा घेतली. उतरताना मांडीच्या स्नायूंना दर पावलाला ब्रेक लावावा लागतो. ताणलेले असताना जोर लावावा लागतो, म्हणून ते जास्त दुखावतात, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. लांब ढांगा टाकायच्या नाहीत, गुडघे थोडे वाकलेले ठेवायचे. पाणी घोट घोट प्यायचं, मधे मीठ-लिंबाचं काही घ्यायचं. नुसतं पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं.

घाट निम्मा उतरल्यावर आमच्यातल्या एकीच्या पोटरीत गोळा आला. पाय टेकवेना. तिच्याबरोबर होती ती २४ वर्षांची, आमच्यातली सगळ्यात वेगवान. तिची वेळ उत्तम लागणार होती. ती तिथंच खाली बसली, पाय मांडीवर घेतला, पंजा वर ओढून धरला, पोटरी चोळत राहिली. मदतनीस मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही जा, मी बघतो." ती गेली नाही. दोघी चालत खाली आल्या तेव्हा ठरलेली वेळ उलटून गेली होती. सहाजणींना पदक मिळालं. या दोघींना नाही.

घरी गेल्यावर धाकटीला तिच्या सासऱ्यांनी विचारलं, "तुझं पदक कुठंय?" ती म्हणाली, "हिची पोटरी चोळत बसले होते." सासरे काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात पळायला जायच्या दिवशी पहाटे तेच उठून दाराची कडी काढून बसले होते, असं तिनं आम्हाला सांगितलं.

आता "पळून काय मिळालं" याचा हिशेब सांगतो. बक्षिसाचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत. सचिवताईंचं हिमोग्लोबिन आता ११.२ झालंय, आणि त्यांची चक्कर थांबलीय. लघवीचा त्रास असलेल्या तिघींपैकी दोघींना व्यायामानं बराच फरक पडलाय, तिसरीचे उपचार चालू आहेत. आणि नऊ घरांत आठवड्यातले तीन तास बाईचे म्हणून बाजूला निघालेत. ते तास आता कुणी परत मागत नाही.

तुम्ही मॅरेथॉन पळावं असं आमचं म्हणणं नाही. पण तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत, कर्जहप्त्यांचं झाल्यावर, दोन विषय वहीत लिहाच. एक, सगळ्यांची रक्ततपासणी कोणत्या तारखेला करायची. दोन, कुणाची पोरं कुणी कधी सांभाळायची म्हणजे प्रत्येकीला तिचा एक तास मिळेल. त्या तासात पळा, चाला, नाहीतर नुसत्या बसा. यंदा आम्ही पुन्हा नावं घालतोय आणि या वेळी सचिवताईंचं नाव यादीत पहिलं आहे. कुणाला आमच्याबरोबर तयारी करायची असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा. बॅटरी आणि काठी मात्र आपली आपण आणायची.