मातीचा वर्ग आणि आईची चूल

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त १ मे रोजी झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



कमिटीनं प्रत्येक विंगमधून एकानं 'आमच्या घरानं मिळून शिकलेली नवी गोष्ट' यावर दहा मिनिटं बोलावं असं ठरवलं, आणि आमच्या विंगमधून माझं नाव गेलं. आम्ही शिकलो ती कुंभाराची माती. दोन रविवार. एवढ्यावर कुणी कुंभार होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या माठ मागायला याल.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. मुलगी म्हणाली, "पप्पा, कोल्हापुरात एक कुंभारकाका नवशिक्यांना चाक शिकवतात, सगळे जाऊया." सौ. तयार झाल्या. मुलगा नववीत आहे, तो मोबाईल बरोबर न्यायच्या अटीवर तयार झाला. राहिली आई. तिला एकटीला घरात कसं ठेवायचं, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत आईचा एकच धोशा होता, "मला गावाकडं सोडा." गाव राधानगरीच्या बाजूला. घर बंद, कौलं उतरलेली, पावसात भिंत ओली होते. वय शहात्तर. तिथं एकटी कशी ठेवायची? पण तिचं म्हणणं साधं होतं, "हितं हाताला कामच न्हाई रं." गॅस सुनेच्या हातात, मिक्सर नातीच्या हातात, कपडे मशीनमध्ये. मी काय उत्तर देणार? पिशवी भरून दाराशी ठेवलेली असायची. तिच्यावरनं घरात रोज बोलणं व्हायचं आणि रोज अर्ध्यात थांबायचं.

तर तावडे हॉटेलवरनं आत वळलो आणि त्या शेडवर पोचलो. आपल्याकडं शाहूपुरीची कुंभार गल्ली, गंगावेशीकडची कुंभार मंडळी, बापट कॅम्प ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, पण आपण तिथं जातो ते गणपती ठरवायला. वर्षातले बरेच महिने तिथं मूर्तीचंच काम चालतं. २०१९ च्या महापुरात पाणी या गल्ल्यांत शिरलं तेव्हा सणाला महिनाभरही उरला नव्हता, आणि रंगवायच्या मूर्ती डोक्यावर घेऊन माणसं बाहेर पडत होती. चाकावरचं काम करणारी घरं आता थोडी. माठ, सुगडं, पणत्या, बेंदराचे बैल एवढ्यावर वर्ष निघत नाही. आमचे गुरुजी (मी त्यांना गुरुजीच म्हणतो, वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत) त्या थोड्यांपैकी. त्यांचं काही शिक्षण वडिलांकडं आणि काही खानापूरला झालेलं. बेळगावजवळच्या त्या खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे. शेडमध्ये विजेवरची चाकं होती आणि वडिलांचं जुनं मोठं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं.

मला वाटलं होतं, लगेच चाकावर बसवतील. तासभर नुसती माती मळायला लावली! कणीक मळतात तशी, पण अंगाचा भार टाकून. एक खडा राहिला तरी चाकावर बोटाला लागतो आणि भांड्याची भिंत तिथंच फाटते. गुरुजी म्हणाले, "साहेब, आमचं निम्मं काम चाकाच्या आधीच झालेलं असतंय. ते कुणाला दिसत न्हाई."

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत सँड प्लांटला आहे. सत्तावीस वर्षं वाळूच बघतोय. आमची मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका वाळू, त्यात बेंटोनाईट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि साडेतीन-चार टक्के पाणी. मुठीत दाबायची, मोडायची, कड स्वच्छ तुटली तर वाळू बरोबर. सवयीनं मी कुंभाराची माती मुठीत दाबली. ती कुठली तुटतेय! तिच्यात पाणी कितीतरी जास्त आणि सगळीच चिकण. मी विचारलं, आपली काळी माती का नाही वापरत, शेतात एवढी आहे? ते म्हणाले, नुसती काळी वापरली तर वाळताना भेगा पडतात. मग मला उमगलं, बेंटोनाईट आणि काळी माती ही एकाच जातीची. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात भेगा पडतात त्या यामुळंच. म्हणून कुंभार तळ्या-ओढ्याचा गाळ घेतो, त्यात बारीक वाळू, राख, लीद असं काहीतरी मिसळून तिचा हा हट्ट मोडतो.

लीद हा शब्द ऐकला आणि कडेला खुर्चीवर बसलेली आई पहिल्यांदा बोलली. "ह्यात लीद न्हाई घातली."

गुरुजी थांबले. म्हणाले, "न्हाई मावशी. घोडी राहिली कुठं? भुसा चाळून घालतोय."

"तूस घाल भाताचा. बारीक करून."

पुढं त्या दोघांचं सुरू झालं. आम्ही राहिलो बाजूला. आईनं मातीचा लहान गोळा घेतला, तळहातावर करंगळीएवढी वळी केली आणि बोटाभोवती गुंडाळली. वळीला चिरा गेल्या नाहीत. "चांगली हाय," म्हणाली. अशीच चाचणी आमच्या लॅबमध्ये शिकाऊ मुलांना मी शिकवतो, फक्त वाळूची. आमच्या घरात हे ज्ञान माझ्या आधीपासून आहे हे मला त्या दिवशी कळलं. आई गावात चूल घालायला जायची एवढं लहानपणी पाहिलेलं. सून आली, घर बांधलं, जुनी चूल फुटली की तिला बोलावणं यायचं. बदल्यात कुणी शेरभर तांदूळ, कुणी चोळीचा खण. पांढरीची माती, शेण, लीद, तूस घालून दोन दिवस कुजवायची, पायानं तुडवायची आणि मग हातानं चूल-वैल उभी करायची. मोजपट्टी नाही. भांडं टेकायचे तीन उंचवटे बरोबर एका पातळीत.

चाकाबद्दल फार सांगत नाही, ते ज्याचं त्यानं करून बघावं. पहिली आणि शेवटची अडचण एकच, गोळा चाकाच्या मधोमध आणणं. तो जरा बाजूला असला की हाताला धक्के देतो, जितकं वर ओढाल तितका डोलतो. कोपरं बरगडीला टेकवायची, हात हलू द्यायचे नाहीत, चाकाला काम करू द्यायचं. सौ.ना ते लवकर साधलं. मुलीची वाटी तिसऱ्या खेपेला उभी राहिली. मुलाचा मोबाईल खिशात गेला, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. माझं भांडं थोडं कुंडीसारखं, थोडं टोपीसारखं झालं. गुरुजी म्हणाले, "पेनं ठेवायला होईल."

दुपारी चहाला गुरुजींची घरमंडळी आल्या. त्यांनी आमच्या भांड्यांचे तळ साफ करून दिले, कडा ओल्या फडक्यानं सारख्या केल्या. मी विचारलं, तुम्ही चाकावर किती वर्षं? त्या हसल्या. म्हणाल्या, मोठ्या चाकावर बायका बसत नव्हत्या. माती चाळणं, तुडवणं, थापटणं, घासणं, गेरू लावणं, भट्टी रचणं, बाजारात विकणं हे बायकांकडं, चाक पुरुषाचं. आता विजेचं चाक आलं तशी त्यांची मुलगी बसते. आई आणि त्या बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण निघताना आईनं मागितली ती पिशवीभर माती, आणि गुरुजींनी पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या रविवारी भट्टी उघडायला गेलो. मधल्या आठवड्यात भांडी सावलीत वाळवली होती. आमच्या सात भांड्यांतली दोन फुटली, दोन्ही जाड बुडाची. आत हवा राहिली की भांडं फुटतं असं बरेच जण म्हणतात, पण फोडते ती वाफ. जाड बुडात ओल अडकते, ताव वाढला की तिची वाफ होते आणि वाट काढते. आमच्याकडं ओलसर मोल्डमध्ये रस ओतला की कास्टिंगला भोकं पडतात, तोच प्रकार. म्हणून कुंभार आधी शेणीचा मंद धग देतो आणि मग ताव चढवतो. पाच-सहाशे अंशांच्या पुढं मातीच्या आत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं आणि मग ती पुन्हा कधी चिखल होत नाही. लाल रंग लोहाचा. तीच भट्टी धूर कोंडून ठेवली तर भांडं काळं निघतं.

गुरुजी प्रत्येक भांडं बोटाच्या पेरानं वाजवून हातात देत होते. टण्ण आवाज आला की पक्कं, बद्द आला की चीर. आम्ही कास्टिंगवर हातोडी मारून हेच ऐकतो. मुलीला शाळेतली गोरोबाकाकांची गोष्ट आठवली: थापटण्यानं एकेका संताचं डोकं वाजवून बघितलं आणि नामदेव कच्चे निघाले, ती. मुलगा म्हणाला, "आज्जी, पप्पांना वाजवून बघ." आज्जीनं बघितलंही. निकाल सांगत नाही.

येताना टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये गेलो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. ब्रह्मपुरीत सापडलेली रोमन समुद्रदेवतेची ब्राँझची मूर्ती या म्युझियममध्ये आहे आणि सगळे तीच बघायला जातात. आई मात्र थांबली ती खापरांपाशी. दोन हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी कुणीतरी गाळ तुडवत होतं. एरवी मी ते खापर बघून पुढं गेलो असतो. दोन दिवस हात चिखलात घालून आल्यावर पाय निघेना.

आता त्या पिशवीभर मातीचं. आईनं गॅलरीत बसून चार दिवसांत लहान चूल घातली. तूस गावाकडनं मागवला, शेण समोरच्या गोठ्यातनं. चूल भट्टीत भाजत नाहीत. ती सावकाश वाळवायची आणि मग तिच्याच जाळानं ती पक्की होते. म्हणजे एकदा तरी पेटवायला हवी. गॅलरीत जाळ करायला सोसायटीच्या नियमात बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे. मी कमिटीला अर्ज दिला. चेअरमनसाहेबांनी तो दोनदा वाचला, बहुतेक विषय 'चूल' आहे याची खात्री करायला. मग पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत, बादलीभर पाणी आणि वाळू जवळ ठेवून, भोगीदिवशी सकाळी दोन तास परवानगी मिळाली. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी आणि मिसळीची भाजी. पीठ आमचं एक किलो होतं. वरच्या मजल्यावरनं ताटं आणि पिठाचे डबे येऊ लागले, तशी आई साडेबारापर्यंत उठली नाही. दोन तासांची परवानगी होती हे कमिटीनं त्या दिवशी मनावर घेतलं नाही, त्याबद्दल आभार. पंचवीस वर्षांत ज्या घरांशी आमचं फक्त लिफ्टमधलं हसणं होतं, त्या घरातल्या सुनांनी आईच्या शेजारी बसून भाकरी थापली.

आई गावाकडं गेली का, असं विचाराल. गेली. फेब्रुवारीत पंधरा दिवस राहून आली, कौलं सारखी करून घेतली. ती अजूनही म्हणते, मला जायचंय. पण पिशवी आता दाराशी नाही, कपाटावर आहे. आणि बेंदरापर्यंत राहीन असं तिनं स्वतः सांगितलंय, कारण 'सी' विंगमधल्या पोरांना बैल करायला शिकवायचं कबूल केलंय. पूर्वी बेंदराला कुंभार घरोघर मातीची बैलजोडी द्यायचा आणि धान्य न्यायचा. आता आपण जोडी बाजारातनं आणतो. आणायला हरकत नाही, आणत राहा, कुंभाराचं पोट त्यावर आहे. एक जोडी विकत, एक हातची, असं आईचं म्हणणं.

गुरुजींशी बोललोय. बेंदराच्या आधीच्या दोन रविवारी ते माती घेऊन इथं यायला तयार आहेत. त्यांची दिवसाची मजुरी माणशी वाटून घेऊ, यात घासाघीस नको. जागा पार्किंगची मागची बाजू, वेळ सकाळी नऊ. जुने कपडे घालून या आणि नखं कापून या. मातीचं पाणी ड्रेनेजमध्ये ओतायचं नाही, पाईप तुंबतो; त्यासाठी टाकीजवळ दोन ड्रम ठेवू. गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना आणि खालची माती पुन्हा वापरायला. नावं सेक्रेटरींकडं द्या. आज्ज्यांची नावं आधी.