मांडवीकाठचं जुनं सचिवालय



पणजीत आबे फारियाच्या पुतळ्याशेजारी, मांडवीकडे तोंड करून जी वास्तू उभी आहे, ती पाहुण्यांना दाखवताना आपण काय सांगतो? ‘हा आदिलशाहाचा राजवाडा.’ १५०० च्या सुमारास युसूफ आदिलशाहाने तो बांधला, १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने घेतला. मग येणारे-जाणारे व्हाइसरॉय इथं मुक्कामाला उतरत. जुनं गोवं साथींनी ओस पडू लागलं, तेव्हा १७५९ मध्ये ते कायमचेच इथं राहायला आले. १९१८ मध्ये गव्हर्नर काबोच्या राजवाड्यात गेले, इथं सचिवालयाच्या कचेऱ्या उरल्या. एवढं सांगून आपण थांबतो. तिथेच माझी तक्रार आहे.

९ जानेवारी १९६४ रोजी याच वास्तूत गोवा, दमण आणि दीवची पहिली विधानसभा बसली. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते. लोकांनी मतं देऊन निवडलेली माणसं या जिन्यानं वर गेली! कूळ कायदा इथं झाला. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला राहत्या घरातून कुणी हुसकावू नये म्हणून १९७५ चा कायदा झाला, तोही इथंच. आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यावरचं छप्पर त्या कायद्यानं राखलं! १९८७ चा राजभाषा कायदाही इथलाच. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली आणि छत्तीस वर्षांचा हा काळ आपल्या बोलण्यातून गळूनच गेला.

आपल्या घरातलं तांब्याचं भाण आठवा. न्हाणीत त्यात पाणी तापायचं, सुगीनंतर त्यातच भात उकडायचा, लग्नघरी शेजारी मागून न्यायचे. आता ते घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवतात. छान दिसतं. पण मुलांना ‘हे पणजोबांनी आणलं’ एवढंच सांगितलं आणि त्यात कुणी, कुणासाठी, काय शिजवलं हे सांगितलंच नाही, तर त्यांना काय कळणार? भाण कुणी आणलं यापेक्षा त्यातलं कोण जेवलं, हे मोठं नाही का? या वास्तूचं तसंच आहे. बांधणाऱ्याचं नाव आपण सांगतो, तिथं आपल्यासाठी जे शिजलं ते सांगत नाही.

गेल्या काही वर्षांत तिथं डिसेंबरात कलामहोत्सव भरले. भरावेत, वास्तू वापरात राहिली तरच टिकते. पण चित्रं बघायला गेलेल्या मुलाला, ‘तुझ्या आजोबांच्या कुळाच्या जमिनीचा कायदा इथं झाला’ हे कुणी सांगावं? शिक्षकांनो, तुम्हीच सांगा. पुन्हा सांगतो, राजवाडा म्हणा, पण विधानसभाही म्हणा.

सभागृहातल्या भाषणांबद्दल, राजभाषेवरून झालेल्या मराठी-कोंकणीतल्या खडाजंगीबद्दल बोलायचं होतं. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री म्हणून इथं बसल्या, तेही राहिलं. वेळ संपत आला आहे. ज्यांनी प्रेक्षक सज्जातून ते कामकाज पाहिलं, त्यांनी आठवणी लिहून काढाव्यात, या पावसाळ्यातच.