पंचविसांतली पाचवी प्रत

एखाद्या चित्राच्या खाली कोपऱ्यात पेन्सिलीने ५/२५ लिहिलेलं दिसलं, तर ती पंचविसांतली पाचवी प्रत समजायची. तिला नक्कल म्हणू नका. एचिंगची, म्हणजे अम्लरेखनाची, प्रत्येक प्रत अस्सल असते.

जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा थर चढवतात. त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात सोडायचा. उघडी पडलेली रेघ तेवढी आम्ल खातं. जास्त वेळ ठेवली तर ती खोल जाते, गडद होते. मग रेघांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांमधून काढायचा. हे सगळं दर प्रतीला नव्याने, हातानेच.

मुंबईच्या ललिता लाजमी यांनी ही कला चाळिशी उलटल्यावर धरली. जन्म १९३२चा. चित्रपट दिग्दर्शक गुरुदत्त यांची बहीण एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते, आणि ती फार अपुरी आहे. घर आणि शाळेतली नोकरी सांभाळून १९७३ ते १९७६ या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या संध्याकाळच्या वर्गात त्या मुद्राचित्रण शिकल्या. त्यांच्या चित्रांत स्त्री-पुरुष आहेत, आई-मुलगी आहेत, मुखवटे आहेत. जवळीक म्हटली की आपण गोडवा गृहीत धरतो. लाजमींच्या चित्रांतल्या जवळिकीत ताण आहे, आणि या नात्यांमध्ये आपला स्वतःचा चेहरा कोणता, हा बाईचा प्रश्नही आहे.

मला वाटतं, या प्रश्नाला एचिंगसारखं दुसरं माध्यम नाही. छपाईत चित्र उलटं उमटतं. आरशात पाहून पत्र्यावर स्वतःला काढलं, तर कागदावर येतो तो जगाला दिसणारा चेहरा. आपल्याला आरशात कधीच न दिसणारा. शिवाय इतक्या बारीक रेघा पाहायला चित्राच्या अगदी जवळ जावंच लागतं.

१३ फेब्रुवारी २०२३ला लाजमी गेल्या, तेव्हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेलं होतं. आपल्याकडे जालन्यात चित्रकला शिकणाऱ्या मुलींनाही लाजमींसारखं एचिंगचं काम करायचं तर आधी छापयंत्र हवं. पोलादी रूळ, सपाट तक्ता आणि फिरवायचं चाक, एवढीच त्याची मुख्य रचना. सळ्यांचे कारखाने असलेल्या या शहरातल्या कारागिरांना ते अवघड नाही. इथल्या एखाद्या कॉलेजने पुढाकार घ्यावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.